मोबाईल नंबर कोणाचा लिहू?

अर्जातला पहिला रकाना नावाचा, आणि काम अनेकदा तिथेच अडतं. आधारवर बाळू, शाळेच्या दाखल्यावर बाळासाहेब, रेशनकार्डावर आणखी तिसरंच काही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या माणसाच्या नावाचं तर त्याहून अवघड असतं. सामनगावकडच्या एका वस्तीवरून असे एक चाळिशीतले गृहस्थ पुतण्याबरोबर आले होते. आधारकार्डावर त्यांचं पहिलं नाव छापलेलं होतं ‘मुका’. आधारचं शिबिर लागलं तेव्हा घरातल्या कुणीतरी सगळ्यांच्या तोंडात बसलेलं नाव सांगितलं आणि यंत्रात तेच गेलं. पाळण्यातलं नाव सांगायला आई उरली नव्हती. शेवटी ते जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडलं. पहिलीत नाव घातलं होतं, पुढे शाळा सुटली. अपंगत्वाचा अर्ज बाजूला ठेवून आम्ही आधी आधारची दुरुस्ती केली. पुतण्या म्हणत होता, “राहू द्या ना ताई, गावात सगळे हेच म्हणतात. पैसे आल्याशी मतलब.” मला ते पटलं नाही. त्या नावाने सरकारी कार्ड निघालं असतं, तर पुढच्या प्रत्येक कागदावर तेच नाव चढलं असतं.

मी नाशिकजवळ एकलहऱ्याला सेवा केंद्र चालवते. वडील इथल्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा हाताळणी विभागात होते, त्यामुळे मी वसाहतीतच वाढले. इथले पहिले दोन संच १९७० आणि १९७१ साली सुरू झाले आणि २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले. जुने दोन केव्हाच बंद पडले. आता तीन संचांचं मिळून ६३० मेगावॅटचं केंद्र उरलं आहे. संच कमी झाले तशी वसाहतीतली घरं रिकामी होत गेली. थर्मलच्या कंत्राटी कामावर ज्यांचं पोट होतं ती आसपासच्या गावांतली माणसं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, कांद्याच्या खळ्यांवर, द्राक्षबागांत पांगली. एकलहरे, हिंगणवेढे, कोटमगाव, ओढा इथून माझ्याकडे येणारे अर्ज बहुतेक याच घरांतले असतात.

सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला ही कामं भराभर होतात. दिव्यांगांच्या अर्जासाठी मी दुपारची वेळ राखून ठेवते, कारण त्यात टायपिंग थोडं असतं आणि विचारणं फार. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी केंद्रापुढे सकाळपासून रांग असायची. त्या दिवसांत कुबड्या घेऊन आलेली माणसं रांगेच्या शेवटी उभी राहायची आणि संध्याकाळी परत जायची. दुपारचा नियम मी तेव्हापासून पक्का केला.

लोक ‘हँडिकॅपचं सर्टिफिकेट’ आणि ‘निराधारचे पैसे’ हे एकच काम समजून येतात. ती दोन कामं आहेत आणि दोन वेगळ्या दारांतली आहेत. पहिलं काम यूडीआयडी कार्डाचं, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून. अर्ज भरायचा, रुग्णालय निवडायचं, तिथे तपासणी होते, डॉक्टर टक्के ठरवतात आणि दाखला व कार्ड मिळतं. जून २०२१ पासून दाखला याच वाटेने घ्यावा लागतो. कार्डावर रंगाची पट्टी असते: ४० टक्क्यांच्या आत पांढरी, ४० ते ७९ पिवळी, ८० आणि त्यावर निळी. दुसरं काम तहसील कार्यालयातलं, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं. १९८० साली अंतुले मुख्यमंत्री असताना ही योजना सुरू झाली. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य लागतं आणि उत्पन्नाची अट असते. रक्कम २०१९ मध्ये १,००० झाली, २०२३ मध्ये १,५००, आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २,५०० रुपये महिना. पहिलं कार्ड हाती आलं म्हणजे पैसे सुरू झाले असं समजून वर्षभर वाट पाहत बसलेली माणसं मला भेटली आहेत. म्हणून हे दोन टप्पे मी कागदावर लिहून देते आणि सोबत आलेल्याकडून परत वदवून घेते.

अर्ज भरायला माणूस बहुधा एकटा येत नाही. भाऊ, मुलगा, पुतण्या, सून, कुणीतरी बरोबर असतं. मी प्रश्न विचारते अर्जदाराला आणि उत्तर येतं शेजारच्या खुर्चीतून. “त्याला काय कळतं ताई, मला विचारा.” हे वाक्य वाईट मनाने म्हटलेलं नसतं. ज्यांनी वर्षानुवर्षं उचललं, धुतलं, भरवलं, दवाखान्यात नेलं, त्यांनाच सगळ्या तारखा पाठ असतात. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. तरीही मी खुर्ची वळवते, अर्जदाराच्या समोर बसते आणि प्रश्न पुन्हा त्यालाच विचारते. वेळ लागला तर लागू द्यावा. पाच-सहा प्रश्न झाले की सोबतचा माणूस आपोआप गप्प होतो आणि मग अशा गोष्टी बाहेर येतात ज्या घरातही कुणाला ठाऊक नव्हत्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याखालच्या नियमांतल्या दाखल्याच्या अर्जात ओळखीच्या दोन खुणा विचारलेल्या असतात. लहानपणी पोलिओ झालेल्या एका मावशींच्या वेळी त्यांचा भाऊ म्हणाला, “खूण काय शोधायची? पायच लिहा की, अख्खा गाव ओळखतो.” मावशी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर सावरून हात टेबलावर ठेवला. “मनगटावर गोंदण आहे, ते लिहा. आणि भुवईवर हा वण. पाय त्यांनी वेगळा विचारलाय ना खाली? मग तिथं लिहा.” मी तसंच लिहिलं. खाली खरोखरच अपंगत्वाच्या प्रकाराचा रकाना आहे. बाईंनी माझ्याआधी अर्ज नीट वाचला होता.

त्याच अर्जात विचारलेलं असतं की अपंगत्व जन्मतः आहे की अमुक सालापासून. साल कुणाला आठवत नाही. आठवतो तो सिंहस्थ, गोदावरीचा पूर, बहिणीचं लग्न. “कुंभाच्या साली ताप आला” म्हटलं की मी विचारते, कोणता कुंभ? १९९१ चा, २००३ चा की २०१५ चा? मग पुढचं-मागचं जुळवत जायचं. “तेव्हा धाकटा पाळण्यात होता” असं म्हटलं की धाकट्याच्या जन्मतारखेवरून वर्ष सापडतं. या मावशींचं वर्ष असंच सापडलं. पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण ज्यांना त्याआधी पोलिओ झाला त्यांतली बरीच माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. आयुष्यभर हात गुडघ्यावर दाबून चाललेल्या माणसाचा खांदा आणि पाठ या वयात बोलायला लागते. मावशींकडे जुना कागदी दाखला होता, १९९५ च्या कायद्याच्या काळातला. त्यात फक्त पाय होता. मी विचारलं, आणखी काय होतं? भाऊ म्हणाला, काही नाही. त्या म्हणाल्या, “डाव्या कानानं दोन-तीन वर्षं झाली काही येत नाही. उजव्यानंही कमीच. घरात कुणाला सांगितलं नाही, म्हणतील आता हीच एक कमी होती.”

इथे अर्जाचा सगळा हिशोब बदलतो. २०१६ च्या कायद्यात ७ ऐवजी २१ प्रकारची दिव्यांगत्वं मान्य आहेत आणि एकाहून जास्त असतील तर ती एकत्र मोजली जातात. सरळ बेरीज होत नाही. मोठ्या टक्क्याला ‘अ’ धरलं आणि लहानाला ‘ब’, तर ‘अ’ मध्ये ब गुणिले (९० वजा अ) भागिले ९० इतकी भर पडते. पायाचं ५० आणि कानाचं ४५ निघालं तर एकत्र ९५ होत नाही, ७० होतं. ऐकण्याचंही मोजमाप कडक आहे. दोन्ही कानांत ६० डेसिबलची घट असल्याशिवाय ‘ऐकू कमी येणारा’ म्हणून नोंद होत नाही, आणि ७० च्या पुढे बहिरेपण धरतात. मावशींची चाचणी व्हायचीच होती. निकाल काय येईल ते मी सांगू शकत नव्हते. पण प्रश्न भावाला विचारून अर्ज पुढे गेला असता तर कानाची चाचणी झालीच नसती, कारण अर्जात कान नसताच.

टक्क्यांविषयी लोक माझ्याशी घासाघीस करतात. “काही करा पण ४० च्या वर न्या.” माझ्या हातात ते नाही आणि असतं तरी मी केलं नसतं. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यांवरून देशभर गदारोळ झाला. तेव्हापासून खरा अपंगही तपासणीच्या टेबलापुढे चोरासारखा उभा राहतो. मी पाहिलेल्या माणसांपैकी बहुतेकांचा स्वभाव तर उलटा आहे. त्रास कमी करून सांगण्याची त्यांना सवय लागलेली असते. “जिना चढता येतो का?” असं विचारलं की “येतो ना” म्हणतात. “कसा चढता?” विचारलं की कळतं, बसून, एकेक पायरी, हातांवर जोर देऊन. म्हणून मी ‘येतं का’ असं विचारत नाही, ‘कसं करता’ असं विचारते. हे मला कुणी शिकवलं नाही. माणसं ऐकत गेले तसं कळत गेलं.

हिंगणवेढ्याचा एक तरुण आला, उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेलेला. एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर पत्रे दाबण्याचं काम होतं. त्याचा पहिला प्रश्न हाच, “मॅडम, ४० होतील का?” मापदंडांप्रमाणे मुळापासून अंगठा गेला तर ३० टक्के धरतात. ज्या हाताने पाना धरायचा, विळा धरायचा, लेकराच्या शर्टाचं बटण लावायचं, त्या हाताचं ते माप आहे. शरीराचा कोणता भाग किती गेला हे त्यातून कळतं. त्या भागावर किती आयुष्य टेकलं होतं ते कळत नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं की निराधारचा अर्ज भरून उपयोग नाही, नामंजूर होईल. तो उठायला लागला. मी म्हटलं, बसा. पगाराची पावती आहे का? मोबाईलमध्ये फोटो होता. त्यावर ईएसआयची कपात दिसत होती, पगाराच्या ०.७५ टक्के. त्याला वाटत होतं, कंत्राटदार कसले तरी पैसे कापतो.

तो चुकीचा अर्ज मागायला आला होता. कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. कामावर अपघात होऊन कायमचं अपंगत्व आलं तर त्यात महिन्याला लाभ मिळतो आणि तो आयुष्यभर चालतो. तिथे वैद्यकीय मंडळ पाहतं की कमावण्याची शक्ती किती गेली. अंगठ्याला तिथेही ३० टक्केच लिहिले आहेत, पण तिथे ४० चा उंबरठा नाही आणि घरच्या उत्पन्नाचा प्रश्न नाही. मजुरीच्या ९० टक्के रकमेवर ते ३० टक्के लावतात. महिना १५,००० मिळत असतील तर १३,५०० चे ३० टक्के, म्हणजे चार हजारांच्या जरा वर. आम्ही अपघाताचा अहवाल मागवला, विमा क्रमांक काढला, उपचाराचे कागद लावले. अहवाल लिहून देताना मालकाची टाळाटाळ झाली, पण लेखी मागितल्यावर तो आला. मंडळाने ३० टक्के मान्य केले. पगाराच्या पावतीचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये नसता तर हे कधीच झालं नसतं. म्हणून कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, पावती टाकू नका. कंत्राटी असलात तर जास्तच जपा.

एका कायद्याचा टक्का दुसऱ्या कायद्यात चालत नाही हेही माणसांना माहीत नसतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर दिव्यांग दाखल्यावर ३० टक्के येतात. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात तोच गमावलेला डोळा ४० टक्के आहे. डोळा एकच असतो. कोणता अर्ज भरायचा यावर घरात काय येणार ते ठरतं, आणि तो निर्णय बहुधा माझ्यासारख्या केंद्रावर बसलेल्या माणसाच्या माहितीवर अवलंबून असतो. याची मला सतत काळजी वाटते.

आता मोबाईल नंबराविषयी. हा रकाना सगळ्यांना सर्वांत किरकोळ वाटतो आणि माझ्या मते सर्वांत जास्त तोच ठरवतो. अनुदान आता आधारला जोडलेल्या खात्यात थेट जमा होतं. अर्जाचा क्रमांक, तपासणीची तारीख, त्रुटीचा निरोप, खात्यात पैसे पडल्याचा संदेश, ओटीपी, सगळं त्या नंबरवर येतं. नंबर ज्याचा, त्याच्याच हातात योजना. लाभार्थीच्या नावावर पैसे जमा होत असतात आणि त्यांना ते वर्षभर ठाऊक नसतं, अशी घरं मी पाहिली आहेत. एका आजींची नजर गेलेली. त्यांना वाटत होतं अर्ज मंजूरच झाला नाही. पासबुक छापून आणल्यावर दिसलं की पैसे येत होते आणि निघतही होते. घरातल्या माणसाने ते घरातच खर्च केले असतील, औषधालाही लागले असतील. पण आजींना विचारलं गेलं नव्हतं. त्यांना स्वतःच्या पैशांतून नातीला फ्रॉक घ्यायचा होता, एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून मी नंबर लिहिण्याआधी विचारते, कोणाचा लिहू? मोठ्याने, सगळ्यांसमोर, अर्जदाराकडे बघून. कधी लगेच उत्तर येतं, “मुलाचाच लिहा, तोच बघतो सगळं.” ठीक आहे, त्यांनी ठरवलं. कधी माणूस थांबतो. मग मी सांगते की साधा बटणांचा फोनही चालतो, सिम तुमच्या नावावर असलं म्हणजे झालं. संदेश वाचता येत नसेल तर तो ऐकवणारे फोन आहेत, नाहीतर माझ्याकडे या. कुणाच्या घरात भांडण लावायचं माझ्या मनात नसतं. पण हे न विचारता नंबर लिहिणं म्हणजे त्या माणसाच्या वतीने मीच निर्णय घेणं झालं, आणि तो अधिकार मला कुणी दिलेला नाही.

बोटांचे ठसे हा वेगळा त्रास. कोळशात, वीटभट्टीवर, सिमेंटमध्ये हात घातलेल्यांच्या रेषा झिजतात. कुष्ठरोग बरा झालेल्या काहींना बोटंच नसतात, आणि तोही २१ प्रकारांपैकी एक आहे. यंत्र ठसा घेत नाही म्हणून माणसाला परत पाठवणं चूक आहे, कारण डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत तर हे जास्तच लक्षात ठेवावं लागतं. जो जिवंत माणूस समोर बसला आहे, त्याचं अनुदान ठशापायी थांबू नये.

सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी आहे. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील तिला घेऊन आले. वडील एका ठिकाणी कंत्राटी सुरक्षारक्षक आहेत. मुलीची मान स्थिर राहत नाही, हात आखडलेले, बोलणं अनोळखी माणसाला समजत नाही. तिने दहावीची परीक्षा लेखनिक घेऊन दिली आहे आणि उत्तीर्ण झाली आहे. बँकेच्या एका शाखेत वडिलांना सांगण्यात आलं होतं की खात्यासाठी आधी पालकत्वाचा आदेश आणा. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती असा कायदेशीर पालक नेमून देते. ज्यांना स्वतःचे व्यवहार कळतच नाहीत त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे. पण या मुलीला सगळं कळतं. तिला फक्त सही करता येत नाही.

मी तिला विचारलं, तुला पालक नेमून हवा आहे का? ती काहीतरी बोलली, मला कळलं नाही. आई अर्थ सांगू लागली तेव्हा तिने मान जोराने हलवली आणि माझ्या कीबोर्डकडे पाहिलं. मी तो तिच्या मांडीवर ठेवला. हाताच्या मुठीच्या एका सांध्याने एकेक अक्षर दाबत तिने टाइप केलं: ‘आधार ला माझा नंबर. सिम माझ्या नावावर घ्या.’ वडील म्हणाले, “हिला फोन वापरता येतो, पण एवढा विचार केला असेल असं वाटलं नव्हतं.” दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन खातं उघडण्याची पद्धत बँकांत पूर्वीपासून आहे. लेखी अर्ज केल्यावर तसं खातं उघडलं. ओटीपी आता तिच्या फोनवर येतो आणि आई तिला विचारून तो सांगते. अर्जातल्या ‘व्यवसाय’ या रकान्यात वडिलांनी ‘काही नाही’ सांगितलं होतं. तिने ‘विद्यार्थी’ लिहायला लावलं.

तिचं कार्ड निळ्या पट्टीचं आलं. त्यावर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि तिच्यासोबतच्या माणसाला निम्मं भाडं. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंतचा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, त्यातून चाकांची खुर्ची मागता येते. पण दरमहा २,५०० रुपयांसाठी तिचा अर्ज मला भरता आला नाही.

याचं कारण उत्पन्नाचा रकाना. निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे, इतरांसाठी तर २१,०००. पन्नास हजार म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. ज्या घरात एक माणूस कुठेही नियमित मजुरी करतो ते घर या मर्यादेच्या वर जातं. मुलीचे वडील महिन्याला चौदा हजार मिळवतात, वर्षाला १ लाख ६८ हजार. त्यातून भाडं, तिची औषधं, व्यायामासाठी नाशिकला नेण्याची रिक्षा, धाकट्याची शाळा. आईला कामावर जाता येत नाही, कारण मुलीला एकटं ठेवता येत नाही. हा गमावलेला पगार कोणत्याही अर्जात विचारलेला नसतो.

याच घरात आईला लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये मिळतात, आणि ते योग्यच आहे. त्या योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. रेशनकार्ड तेच, घर तेच, पगार तोच. त्या नियमांत २१ वर्षांची अविवाहित मुलगीही बसते. म्हणजे अर्ज घेणं सुरू असेल तर तीन वर्षांनी ही मुलगी बहीण म्हणून पात्र होईल. ऐंशी टक्क्यांहून जास्त दिव्यांग म्हणून मात्र आज नाही आणि तेव्हाही नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाकडून ही एक दुरुस्ती मला हवी आहे.

लोक म्हणतात, “ताई, ४८ हजार टाका, सगळे टाकतात.” मी टाकत नाही. दाखला कधी तपासला जाईल सांगता येत नाही, आणि तपासला गेला तर वसुलीची नोटीस येते त्या माणसाच्या नावावर, ज्याला खुर्चीवरून उठताही येत नाही. खरं उत्पन्न सांगणाऱ्या घराला उपाशी ठेवणारी आणि खोटं सांगणाऱ्याला पैसे देणारी अट चुकीची आहे. त्या चुकीचं ओझं अर्जदाराने आयुष्यभर भीतीच्या रूपाने वाहावं, हे मला मान्य नाही. “मग आम्ही काय करायचं?” असं मुलीच्या वडिलांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना उत्पन्नाचा खराच दाखला काढून दिला, तो धाकट्याच्या शाळेत लागणार होता.

ग्रामसभेत मी हा विषय मांडला आहे आणि पुन्हा मांडणार आहे. दिव्यांग व्यक्तीचं स्वतःचं उत्पन्न बघावं, कुटुंबाचं नको. ते जमत नसेल तर निदान लाडक्या बहिणीची अडीच लाखांची मर्यादा इथेही लावावी. केवळ उत्पन्नामुळे ज्यांचे अर्ज भरता आले नाहीत त्यांची यादी मी वेगळ्या वहीत ठेवते: यूडीआयडी क्रमांक, टक्के, दाखला कायमचा की मुदतीचा, बँक खातं आधारला जोडलं आहे का, आणि मोबाईल नंबर. मर्यादा वाढल्याचा शासन निर्णय आला तर त्याच दिवशी त्या नंबरांवर फोन जातील. ज्यांच्या दाखल्याची मुदत पुढच्या वर्षी संपते आहे त्यांचं नूतनीकरण आत्ताच करून घ्यायला मी सुरुवात केली आहे.